दहा किलोमीटरचा गंधक

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर जुलै २०२५ पासून एक वाद विझता विझत नाही. त्या महिन्यात केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि देशातल्या सुमारे ७८ टक्के कोळसा वीजसंचांना एफजीडी बसवण्यातून मोकळं केलं. एफजीडी म्हणजे धूर धुरांड्यात जाण्याआधी चुनखडीच्या पाण्याने धुऊन त्यातला सल्फर डायऑक्साइड, म्हणजे एसओटू, कोळशातल्या गंधकाचा वायू, काढून घेणारी यंत्रणा. २०१५ मध्ये ती सक्तीची झाली, दोन वर्षांची मुदत मिळाली, मग मुदतीवर मुदत वाढत गेली आणि शेवटी बहुतेकांपुरती सक्तीच उठली. ग्रुपवर आनंदीआनंद. नोकरीची सगळी वर्षं वीज केंद्रात काढलेल्या मित्राने लिहिलं, "आपल्या कोळशात गंधक अर्धा टक्का. हवेतला एसओटू मर्यादेत. मग एवढा खर्च कशासाठी? हिवाळ्याचे दोन महिने सोडले तर हवेला झालंय काय?"

मी जर्मनीतल्या लाइपझिगहून विरोधाच्या दोन ओळी खरडल्या. लगेच उत्तर आलं, "अबे, तू लाइपझिगमध्ये बसून आम्हाला हवा शिकवू नको."

बरं, नाही शिकवत. पण केमिकलची डिग्री आम्ही दोघांनी एकाच बाकावर बसून घेतली, तेव्हा अर्ध्या टक्क्याचं गणित तरी पूर्ण करू. आपल्या कोळशात गंधक कमी, हे खरं. राख मात्र ३५-४० टक्के. उष्मांक कमी असल्यामुळे तेवढ्याच विजेसाठी कोळसा जास्त जाळावा लागतो, आणि गंधकाची टक्केवारी लहान राहिली तरी टन मोठे होत जातात. म्हणून तर उपग्रहांच्या मोजणीत सल्फर डायऑक्साइड सोडण्यात आपण चीनलाही मागे टाकलं. चीनने स्वतःच्या केंद्रांना ही यंत्रणा लावली, आपण मुदती लावल्या.

दुसरा मुद्दा, "हवेतला एसओटू मर्यादेत". आपल्याकडे या वायूची मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, आणि बहुतेक शहरं तिच्या आत असतात. असणारच. धुरांडी उंच आहेत, आणि वायू काही वायूच राहत नाही. भर उन्हात ताशी साधारण एक टक्का या गतीने त्याचं सल्फेट होतं; ढगात किंवा धुक्यात शिरला तर फार झपाट्याने. सल्फेट हा कण आहे, पीएम २.५ मधला, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक, फुफ्फुसात खोल जाणारा. म्हणजे गंधक वायूच्या खात्यातून उडून कणाच्या खात्यात जमा होतं आणि मित्र पहिलं खातं उघडून म्हणतो, बघा, शिल्लक किती थोडी!

आणि अधिसूचनेतले ते दहा किलोमीटर! दिल्लीचा परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचं शहर दहा किलोमीटरच्या आत असेल तर एफजीडी बसवा. अतिप्रदूषित पट्टा किंवा हवेच्या मानकांत न बसणारं शहर तेवढ्या अंतरात असेल तर प्रकरणागणिक ठरवू. बाकीच्यांना सुट्टी. ताशी दहा किलोमीटरचा वारा म्हणजे झुळूकच. त्या झुळकेवर एका तासात जेमतेम एक टक्का गंधकाचं सल्फेट झालेलं असतं, पुढचं जे व्हायचं ते वर्तुळाबाहेर, पुढच्या जिल्ह्यांत होतं. चोवीस तासांत हवा २४० किलोमीटर गेलेली असते. ज्याने वर्तुळ आखलं त्याने वायू मोजला. कण कुठे तयार होतो हे त्याच्या नकाशावर नव्हतंच.

"हिवाळ्याचे दोन महिने सोडले तर" हे वाक्य मला सगळ्यात झोंबलं. हिवाळ्यात प्रदूषणाचा आकडा चढतो कारण हवेचं छत खाली येतं. मे महिन्यात जी घाण दोन-तीन किलोमीटर उंचीत पसरते ती जानेवारीच्या पहाटे काहीशे मीटरांत कोंबली जाते. पण फरक फक्त दाटीचा नाही. कणच वेगळा असतो. गाड्यांच्या आणि धुरांड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडपासून बनलेलं नायट्रिक आम्ल थंडीत अमोनियाला धरून अमोनियम नायट्रेट होतं, घन होऊन बसतं. शेकोटीचा, लाकडाचा, कचऱ्याचा सेंद्रिय धूर त्यात मिसळतो. दिल्लीत तर प्लास्टिकसकट जळणाऱ्या कचऱ्यातलं आणि कारखान्यांतलं हायड्रोक्लोरिक आम्लही अमोनियाशी जुळतं. ते अमोनियम क्लोराइड पाणी शोषून फुगतं आणि धुकं दाट करतं. मग ऊन वाढतं. विदर्भातल्या ४५ अंशांत अमोनियम नायट्रेट टिकत नाही, फुटून पुन्हा दोन वायू होतात. आकडा उतरतो, आपण सुटकेचा श्वास घेतो. त्या श्वासात काय असतं? धूळ, आणि उन्हाला दाद न देणारं सल्फेट. उन्हाळा जितका कडक तितकं ते बनण्याचं कामही जोरात.

म्हणजे ज्या ऋतूत मित्राच्या मते हवेला काही झालेलं नसतं, त्याच ऋतूत त्याच्या केंद्राचा वाटा उठून दिसतो. हिवाळ्यात तो गर्दीत लपतो, इतकंच. आपला एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा निर्देशांक, हे सांगणार नाही. तो आठ प्रदूषकांतला सगळ्यात वाईट आकडा उचलतो आणि त्याला रंग देतो. कण कशाचा बनलाय, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही.

आता लाइपझिग. इथे फोकेबेर्गच्या टेकडीवर चढलं की दक्षिणेला लिपेनडोर्फचे पांढरे ढग दिसतात. लिग्नाइटवर, म्हणजे तपकिरी कोळशावर चालणारं वीज केंद्र, आणि माझ्या घरातल्या रेडिएटरची ऊब कित्येक वर्षं तिथूनच येत होती. म्हणजे कोळसा मीही जाळला, फक्त धुतलेल्या धुराचा. पश्चिम जर्मनीने १९८३ मध्ये नियम केला आणि पाच-सहा वर्षांत मोठ्या केंद्रांना एफजीडी बसवल्या. जंगलं मरतायत म्हणून लोक चिडले होते. पूर्वेला मात्र भिंत पडेपर्यंत तसंच चाललं. माझ्या घरमालकीणबाई सांगतात, खिडकीत वाळत घातलेला कपडा हिवाळ्यात आत घेताना करडा झालेला असायचा. १९९० मध्ये एकत्रित जर्मनी ५० लाख टनांहून जास्त सल्फर डायऑक्साइड सोडत होती, आता ३ लाखांच्या आत आहे. मित्राला हा आकडा पाठवला तर तो म्हणाला, "कारखाने बंद पाडून हवा साफ केली, त्यात कसलं कौतुक?" हे उत्तर तितकंसं चुकीचं नाही. पूर्वेतल्या एका पिढीच्या नोकऱ्या त्या आकड्यात गेल्या. पण हे मी त्याला लिहिलं नाही, माझ्या मुद्द्याला ते सोयीचं नव्हतं.

एफजीडीत चुनखडी आणि गंधक मिळून जिप्सम तयार होतो. "एवढा जिप्सम निघेल तो टाकायचा कुठे?" हाही ग्रुपवरचा आवडता प्रश्न. इथे तो घरांच्या भिंतींत जातो, आणि कोळसा बंद होत चालल्यावर जिप्सम आणायचा कुठून म्हणून उद्योग ओरडतायत. इथल्या काळज्या अशा असतात.

मित्राचा एक वार मात्र नेमका बसला. तो म्हणाला, सल्फेट कमी केलं की अमोनिया मोकळा होईल आणि हिवाळ्यात नायट्रेट वाढेल, मग तुझ्या एफजीडीने काय मिळवलं? रसायनशास्त्र त्याचं बरोबर आहे. अमोनिया आधी सल्फेटला धरतो, उरला तर नायट्रेटला. युरोपात सल्फेट घटलं तसा नायट्रेटचा वाटा वाढला. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात ग्युले, म्हणजे जनावरांच्या शेणमुताचं पातळ खत पडलं की त्याचा प्रत्यय येतो. मार्च २०१४ मध्ये पॅरिसमध्ये अमोनियम नायट्रेट इतकं साचलं की सम-विषम नंबरप्रमाणे गाड्या चालवाव्या लागल्या. पण यातून एफजीडी नको असं निघत नाही, नायट्रोजन ऑक्साइडलाही हात घाला असं निघतं. सल्फेट हवेला थोडं थंड ठेवतं, असाही युक्तिवाद ग्रुपवर झाला. फुफ्फुसांच्या जिवावर गारवा घ्यायचा असेल तर तसं उघड सांगावं.

आता माझी गोष्ट. जानेवारीत पूर्वेचा वारा सुटला की लाइपझिगचा आकडाही चढतो. लाइपझिगजवळच्या मेल्पिट्सच्या हवा मोजणाऱ्या केंद्रावर वर्षानुवर्षं हेच नोंदवलं गेलंय, पूर्व युरोपातल्या घरांतला कोळशाचा धूर सीमा ओलांडून येतो. ट्रामच्या थांब्यावर शेजारी म्हणतात, हा सगळा बाहेरून आलाय. मीही मान डोलावतो. त्यांच्या स्वतःच्या दिवाणखान्यात हौसेने पेटवलेल्या लाकडाच्या शेगडीबद्दल मी काही बोलत नाही. बाहेरून आलेल्याने किती बोलावं, याचा अंदाज एव्हाना आलाय. नागपूरच्या ग्रुपवर तो अंदाज ठेवत नाही, कारण तिथे मला कुणी बाहेरचा म्हणू नये असं वाटतं. आणि तिथे आता सगळे तेच म्हणतात.

त्यात मी नागपूरला जातो तो जुलैत. पावसाने धुतलेली हवा, हिरवीगार फुटाळा तलावाची बाजू, फोटो काढतो आणि ऑफिसातल्या जर्मनांना दाखवतो: भारतातली हवा वाईट म्हणता ना, हे बघा. मित्रांशी भांडताना मात्र जानेवारीचे आकडे काढतो. दोन्हीकडे खरंच सांगतो, फक्त महिना निवडून. मित्र सारखं म्हणतो, एकदा हिवाळ्यात ये आणि श्वास घेऊन बोल. वडिलांना तिथे थंडीत दोनदा इन्हेलर लागतो, हे तो जाऊन बघून येतो आणि मला कळवतो. आई फोनवर विचारते, या वेळी जानेवारीत जमेल का. मी म्हणतो, रजा मिळत नाही. जर्मनीत रजा न मिळणं किती अवघड आहे, हे तिला ठाऊक नाही. मित्राला आहे, त्याचा मुलगा म्युनिकला असतो आणि दर डिसेंबरला घरी येतो.