डोळे मिटले की करुणा येते?

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज उगवतो. दलाई लामांच्या नावावर फिरणारं वाक्य: जगातल्या प्रत्येक आठ वर्षांच्या मुलाला ध्यान शिकवलं, तर एका पिढीत हिंसा संपेल. खाली पुरवणी: हेतू कुठलाही असो, नुसतं बसा, करुणा आपोआप येते, विज्ञानाने सिद्ध केलंय, शास्त्रातही तेच आहे.

विज्ञानाने सिद्ध केलंय? थोडंसंच. बोस्टनमधला 2013चा प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रतीक्षाकक्षात तीन खुर्च्या, तिन्ही भरलेल्या, त्यातल्या एकीवर प्रयोगात भाग घेणारा; कुबड्या घेतलेली एक बाई कण्हत आत येते. आठ आठवडे ध्यान केलेल्यांपैकी निम्मे जागा द्यायला उठले, न केलेल्यांपैकी जेमतेम 16 टक्के. छान. पण 2018मध्ये अशा 22 अभ्यासांची छाननी झाली. करुणा वाढलेली दिसली ती मुख्यतः जिथे ध्यानाचा शिक्षकच शोधनिबंधाचा सहलेखक होता तिथे. पेपर आपणच काढायचा, आपणच तपासायचा! आक्रमकता आणि पूर्वग्रह यांत तर फरकच नाही.

हेतू कुठलाही चालतो? इथेच खरी गोम आहे. बफेलो विद्यापीठाच्या 2021च्या प्रयोगात काहींना आधी ‘मी-माझं’च्या, तर काहींना ‘आम्ही-आमचं’च्या विचारात नेलं, मग दोन्हींतल्या काहींना श्वासावर लक्ष ठेवायला लावलं. नंतर विचारलं, एका संस्थेसाठी देणगीदारांशी बोलाल का? ध्यानामुळे ‘आम्ही’वाल्यांची तयारी 40 टक्क्यांनी वाढली, ‘मी’वाल्यांची 33 टक्क्यांनी घटली. ‘आपली संस्कृती मुळातच आम्हीवाली’ म्हणून निर्धास्त होऊ नका. या प्रयोगात माणसं एकाच देशातली होती, रोख तेवढा बदलला होता. आणि आपल्याकडेही क्लास लावताना कारण काय सांगतात? बीपी, झोप, मुलाची एकाग्रता. कारणं रास्तच आहेत, पण त्यात शेजारी कुठेच नाही.

शास्त्रात तेच आहे? उलट आहे. पतंजलींच्या आठ अंगांत पहिला यम, म्हणजे इतरांशी वागण्याचे नियम, त्यातही आधी अहिंसा, ध्यान सातवं. मैत्री, करुणा यांची भावना केल्याने चित्त प्रसन्न होतं, असं सूत्र आहे. चित्त शांत झालं की करुणा फुकट मिळते, असं नाही. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातही आधी पंचशील, म्हणजे हिंसा न करणं, चोरी न करणं अशी पाच व्रतं, घ्यावं लागतं आणि शेवटी मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, वेगळी शिकवतात.

‘निदान मन तरी शांत होतं ना?’ होतं, आणि कधीकधी नको तिथे होतं. 2022च्या एका अभ्यासात श्वासावरच्या ध्यानाने अपराधीपणाची टोचणी कमी झाली, तशी ज्याला दुखावलं त्याची भरपाई करण्याची इच्छाही ओसरली. मैत्रीभावनेचं ध्यान केलेल्यांची ती इच्छा मात्र श्वासावर ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त होती.