ऑन-रोडच्या नावाखाली चाललेली लूट

"पाडव्याला डिलिव्हरी पाहिजे असली तर आज संध्याकाळपर्यंत बुकिंग टाका, या रंगाची एकच गाडी शिल्लक आहे." कोल्हापूरजवळच्या शिरोली-उचगावच्या पट्ट्यात गाड्यांच्या कुठल्याही शोरूममध्ये जावा, हेच ऐकवतात. मुहूर्त तुमचा, टार्गेट त्यांचं. पाडवा सरला की तीच 'शेवटची' गाडी परत यार्डात उभी.

भाव विचारला की कागदावर एकच आकडा, ऑन-रोड, म्हणजे टॅक्स, नोंदणी, विमा सगळं धरून. फोड मागितली की सेल्सवाल्याचं तोंड वाकडं. का होणार नाही? सगळा घोळ त्या फोडीतच आहे! दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स ११ टक्के, तो ठरलेला. नोंदणीची फी काही शे रुपये. मग 'आरटीओ' या एका ओळीत वरचे हजार कुणाचे? आणि 'हँडलिंग चार्ज' कशाचा, गाडी काय डोक्यावरून आणली? शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत, म्हणजे रोड टॅक्स-विमा लावायच्या आधीच्या भावात, आधीच धरलेला असतो. सरळ काट मारायला सांगा.

विम्यात तर लईच मलई. २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीची पॉलिसी) ३ वर्षांची सक्तीची आहे, तिचा दर सरकारनं ठरवलेला. खेळ होतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात. तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तीच झिरो डेप (भागांची घसारा न कापता भरपाई) धरून बाहेरून कोटेशन काढा, फरक दिसेल. मग धमकी येते, "बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही." साफ थाप! कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल कंपनीनं थेट वर्कशॉपला भरणं, हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का, यावर असतं. तेवढं आधी विचारून घ्या.

कर्जाचं बोलणं निघालं की "महिन्याला किती झेपतंय?" एवढाच प्रश्न. व्याज म्हणे ९ टक्के. फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (उरलेल्या रकमेवरच व्याज), ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ५ लाखांवर ९ टक्के फ्लॅटनं ५ वर्षांचा हप्ता १२,०८३ बसतो, रिड्युसिंगनं साधारण १०,३८०. महिन्याला सतराशे रुपये गुपचूप गेले! त्या फ्लॅट ९ चा खरा दर पावणेसोळाच्या आसपास पडतो. वर 'फुकट' ॲक्सेसरीज म्हणून मॅट नि सीट कव्हर एमआरपीनं मोजून दाखवायचे, तेवढीच रोख सूट मागा, लगेच "साहेबांना विचारतो."

गाडी बघायची ती पासिंगच्या, म्हणजे आरटीओ नोंदणीच्या आधी. टायरवर डॉट खुणेच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५वा आठवडा. टायर आठ-दहा महिने जुने दिसले तर गाडी यार्डात ऊन-पाऊस खात पडली होती का, हे चेसिस नंबरवरून उत्पादनाचा महिना काढून ताडून बघा. तसं निघालं तर गाडी बदलून मागा नाहीतर सूट मागा, पण तिथंच आणि लेखी. एकदा एमएच ०९ चा नंबर पडला की साहेबांचा फोन लागत नाही.