दोन दिवसांच्या गोळ्यांनी शेंगदाण्याची ॲलर्जी जात नाही

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘अकॅलाब्रुटिनिबच्या गोळ्या दोन दिवस घ्या, मोठ्या माणसांची शेंगदाण्याची ॲलर्जी कायमची जाते. चाचणीत सिद्ध झालंय. ॲड्रेनालिनचं पेन फेकून द्या.’ यातलं चाचणी झाली एवढंच खरं. (हे पेन म्हणजे ॲलर्जीच्या जीवघेण्या प्रतिक्रियेत टोचायचं तयार इंजेक्शन.)

‘सिद्ध झालंय.’ 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अमेरिकी चाचणीत माणसं होती 10. तुलनेला खोट्या गोळीवरचा गट नव्हता. प्रत्येकाला आधी देखरेखीखाली शेंगदाण्याचं प्रथिन थोडं थोडं वाढवत दिलं आणि प्रतिक्रिया दिसताच थांबवलं. मग 100 मिलीग्रॅमच्या चार गोळ्या, दिवसाला दोन, आणि पुन्हा तीच परीक्षा. सोसलेल्या मात्रेचा मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) 29 वरून 4044 मिलीग्रॅमवर गेला. एका दाण्यात साधारण 250 मिलीग्रॅम प्रथिन धरलं, तर दाण्याच्या कपचीपासून थेट पंधरा-सोळा दाण्यांपर्यंत. आकडा जबरदस्त आहे, उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. सात जणांना शेवटच्या मात्रेलाही काही झालं नाही. उरलेल्या तिघांची सहनशक्ती बरीच वाढली, पण प्रतिक्रिया आलीच. शिवाय शंभरात एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम 10 जणांत दिसणार कसा?

‘कायमची जाते.’ इथे मजकूर साफ घसरतो. ॲलर्जीत आयजीई नावाची प्रतिपिंडं मास्ट पेशींना, म्हणजे प्रतिक्रिया सुरू करणाऱ्या पेशींना, चिकटून बसलेली असतात. शेंगदाण्याचं प्रथिन त्यांना जोडलं गेलं की बीटीके या एन्झाइममार्फत आत निरोप जातो आणि पेशी खाज-सूज आणणारं हिस्टामिन ओकते. गोळी फक्त ही मधली तार तोडते. आयजीई जागच्या जागी राहतं. औषध थांबलं की पेशी नवं बीटीके बनवतात आणि तार पुन्हा जुळते.

मुळात अकॅलाब्रुटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हृदयाचे अनियमित ठोके हे त्याचे माहीत असलेले धोके. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकासोबत घेतलं तर रक्तातलं प्रमाण चढतं.

2024 मध्ये अमेरिकेत अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजूर झालेलं ओमालिझुमॅबचं इंजेक्शनही दर दोन किंवा चार आठवड्यांनी घेत राहावं लागतं. त्याच्या मुख्य चाचणीत 180 पैकी प्रौढ होते फक्त 3! आणि इंजेक्शन मिळालेल्या 118 जणांपैकी 17 जणांना 30 मिलीग्रॅम प्रथिनही सोसलं नाही.

‘पेन फेकून द्या.’ जीव घेईल असं वाक्य हेच. चाचणीच्या खोलीत माणूस निवांत बसलेला असतो. बाहेर अपुरी झोप किंवा व्यायामानं प्रतिक्रियेचा उंबरठा खाली येतो, दारू आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचाही तोच धोका. श्वास अडकला, आवाज बसला, भोवळ आली तर प्रौढांसाठी 0.3 मिलीग्रॅमचं पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर टोचायचं, कपड्यांवरून चालतं. आडवं पडून पाय वर घ्यायचे. धाप लागत असेल तर पाय लांब करून बसायचं. एकदम उभं राहायचं नाही, रक्तदाब कोसळतो. तातडीची मदत बोलवायची. 5 ते 15 मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस. आधी सेटिरिझिन ही ॲलर्जीची साधी गोळी घेऊन वाट बघत बसू नये: त्यानं अंगावरचं पित्त बसतं, सुजलेला घसा त्याला जुमानत नाही.