रॅमचा दोष, शिक्षा विंडोजला

संगणक कोलमडून निळा पडदा आला रे आला की जो तो एकच सल्ला देतो, 'विंडोज नव्याने टाका.' अहो, टाकलं ना! एकच झिप फाइल आत्ता सीआरसी एरर (डेटा बिघडल्याची खूण) देते आणि पुन्हा चालू केल्यावर बिनबोभाट उघडते, यात विंडोजचा काय संबंध? रॅम तपासणारा मेमटेस्ट ८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवा म्हटलं की तोंडं वाकडी. पहिली फेरी निभावली की रॅमला क्लीन चिट! ती फेरी मुद्दामच आखूड ठेवलेली असते हो. चुका दाखवणाऱ्या खऱ्या लाल ओळी बऱ्याचदा पुढच्या फेऱ्यांत, मशीन तापल्यावर उमटतात. मग एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद करा, रॅमची एकेक पट्टी काढा, स्लॉट बदला, परत पहिल्यापासून. एवढं करून चोर सापडला, तर कंपनी म्हणते, जोडीने घेतलीत ना, दोन्ही पाठवा! धडधाकट पट्टीही गेली, बदली येईपर्यंत मशीन बंद. म्हणे आजीवन वॉरंटी. आणि घरगुती मशीनमध्ये चूक स्वतःच पकडणारी ईसीसी रॅम सहसा नसतेच, त्यामुळे उलटलेला बिट (० चा १ किंवा १ चा ० झालेला) बोंबलत नाही. गुपचूप फोटोत, बॅकअपमध्ये जाऊन बसतो. तो बिघडलेला फोटो कंपनी कुठला बदलून देणार?