एक घटना की दोन? दोन्ही उत्तरं बरोबर होती

११ सप्टेंबर २००१. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर टॉवरवर ८:४६ ला विमान आदळलं, दक्षिण टॉवरवर ९:०३ ला. मग न्यूयॉर्कच्या कोर्टांत वाद सुरू झाला, विम्याच्या हिशेबात ही एक घटना की दोन? एवढी माणसं गेली आणि हे पैशांवर भांडतात, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण त्या पैशांतूनच तिथलं पुनर्बांधकाम व्हायचं होतं.

बांधकाम व्यावसायिक लॅरी सिल्व्हरस्टीन यांनी जुलैतच इमारती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतल्या होत्या. विमा दर घटनेला सुमारे साडेतीन अब्ज डॉलरचा. दोन घटना धरल्या तर दुप्पट. आणि हल्ल्याच्या दिवशी बहुतेक कंपन्यांची अंतिम पॉलिसी निघालेलीच नव्हती! हातात होते ते बाइंडर, म्हणजे पॉलिसी निघेपर्यंतचे तात्पुरते कागद, आपल्या कव्हर नोटसारखे. त्यामुळे कुठल्या कंपनीशी पॉलिसीच्या कुठल्या मसुद्यावर व्यवहार ठरला होता, हे पाहावं लागलं.

२००३ मध्ये सेकंड सर्किट अपील कोर्टाने एकाच निकालात दोन उत्तरं दिली. हार्टफर्ड, रॉयल आणि सेंट पॉल या कंपन्यांचा व्यवहार विलिस या ब्रोकरच्या मसुद्यावर ठरला होता. त्यात 'घटना'ची व्याख्या होती: एका कारणामुळे किंवा सारख्या कारणांच्या एका मालिकेमुळे झालेलं सगळं नुकसान म्हणजे एक घटना. तिथे साक्षीपुराव्याची गरजच नव्हती. समरी जजमेंट, म्हणजे साक्षीपुरावा न घेता कागदांवरूनच दिलेला निकाल, कंपन्यांच्या बाजूने. ट्रॅव्हलर्सच्या मसुद्यात मात्र व्याख्याच नव्हती. तिथे सिल्व्हरस्टीन यांनी मागितलेलं समरी जजमेंट कोर्टाने नाकारलं आणि प्रश्न ज्युरीकडे गेला. डिसेंबर २००४ मध्ये ज्युरीने ट्रॅव्हलर्ससह नऊ कंपन्यांपुरत्या दोन घटना धरल्या.

इमारती त्याच, हल्ला तोच, मग उत्तरं वेगळी कशी, असं विचारणाऱ्यांशी माझा ठाम मतभेद आहे. विमाने किती होती हा वाद नव्हताच. कुठल्या कंपनीने काय कबूल केलं होतं, हा होता. शब्द स्पष्ट असतील तर विमाधारकाला वर्षानुवर्षं कोर्टात फिरवायचं नाही, कंपनीलाही नाही. शब्द संदिग्ध असतील तर घाईने कुणाचंच तोंड बंद करायचं नाही. कोर्टाने दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या.

आपल्याकडे २०१५ च्या कमर्शिअल कोर्ट्स अ‍ॅक्टने दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १३-अ आणून समरी जजमेंटसाठी असाच अर्ज करायची सोय दिली. तिचं मी मनापासून स्वागत करतो. पण विम्याच्या दाव्यात न्यायाधीशांनी आधी कलमाची व्याख्या पाहावी. बांधकामाच्या अनेक पॉलिसींत ७२ तासांचं कलम असतं: सलग ७२ तासांत पुराने किंवा वादळाने झालेलं नुकसान एकच घटना. असं कलम असेल तर अर्जावरच निकाल द्या, खुशाल. नसेल, तर व्यवहार ठरताना काय बोलणं झालं हे ब्रोकरने आणि अंडररायटरने (कंपनीच्या वतीने जोखीम स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने) साक्षीत सांगायला हवं. अर्ज कागदांवरच निकाली निघाला, तर त्यांना पिंजऱ्यात बोलावून उलटतपासणी घ्यायची संधीच विमाधारकाला मिळत नाही.