ओळ कुठे संपली, तेवढं तरी धड सांगा!

फाइल समोर दिसतेय. फाइलींची यादी देणारं एलएस दाखवतंय, परवानग्या बरोबर आहेत, 'ही चालवता येते' असं सांगणारा एक्झिक्युटेबल बिट लावलेला आहे. आणि स्क्रिप्ट चालवली की उत्तर काय, तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अरे, आहे ना फाइल! डोळ्यांसमोर आहे! मग नाही कशाला म्हणता?

कारण पहिल्या ओळीच्या शेवटी एक कॅरेज रिटर्न, म्हणजे 'ओळीच्या सुरुवातीला परत जा' असं सांगणारं चिन्ह, चिकटलाय. 'ही स्क्रिप्ट बॅश या शेलने चालव' असं सांगणाऱ्या '#!/बिन/बॅश'च्या पुढे, एडिटरमध्ये न दिसणारा, १३ नंबरचा एक बाइट. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो प्रोग्रामच्या नावाचाच भाग धरतो आणि असल्या शेपटीवाल्या नावाचा प्रोग्राम शोधत बसतो. तो कुठेच नाही, म्हणून 'फाइल नाही'. कुठली फाइल नाही, हे सांगायची तसदी घेत नाही. बॅशमधून चालवलं तर बऱ्याचदा 'बॅड इंटरप्रिटर' असं छापून येतं आणि शेजारी त्या बाइटची खूण म्हणून ^एम तरी दिसतं. दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममधून तीच स्क्रिप्ट बोलावली की तेवढाही धागा हाती लागत नाही. माणूस पाथ तपासतो, परवानग्या तपासतो, माउंट तपासतो, कंटेनर पुन्हा बिल्ड करतो. सगळी दुपार पाण्यात.

या बाइटचा इतिहास मला माहीत आहे, कृपा करून पुन्हा कुणी ऐकवू नका. १९६३ च्या मॉडेल ३३ टेलिटाइपवर छपाईचा भाग डावीकडे परत नेणं ही एक हालचाल आणि कागद एक ओळ वर सरकवणं ही दुसरी, म्हणून कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड असे दोन वेगळे संकेत. सेकंदाला १० अक्षरं छापणाऱ्या त्या यंत्राला परत यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त लागायचं, म्हणून परतीचा हुकूम आधी. त्या यंत्रापुरतं ते शहाणपणाचंच होतं. मल्टिक्स आणि युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिम्सनी फाइलमध्ये एकटा लाइन फीड ठेवला, उरलेलं टर्मिनलच्या ड्रायव्हरवर सोपवलं. सीपी/एमने दोन्ही ठेवले, डॉसने ते उचलले, विंडोजने पुढे चालवले. जुना मॅक नुसत्या कॅरेज रिटर्नवर चालायचा, तो २००१ च्या ओएस एक्सपासून युनिक्सच्या पंगतीला आला. नोटपॅडला नुसता लाइन फीड कळायला २०१८ उजाडलं. २०१८!

असो. दोन पद्धती आहेत, असू देत. जगात वजनमापाच्याही दोन पद्धती आहेत. डोकं फिरतं ते कमांड्सच्या मौनाने.

दोन फाइली घ्या. एकीत नुसते ग्राहक क्रमांक, दुसरीत क्रमांक आणि नाव. दोन्ही सॉर्ट केलेल्या. सारख्या क्रमांकाच्या ओळी जुळवणारं जॉइन चालवलं. बाहेर काय आलं? काहीच नाही. एरर नाही, इशारा नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे सगळं आलबेल. ४०२१ हा क्रमांक दोन्ही फाइलींत डोळ्यांना दिसतोय. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला ४०२१ विचारलं तर सापडतो. शेवटी डॉलरचं चिन्ह लावून, म्हणजे 'ओळ इथेच संपायला हवी' असं सांगून विचारलं, तर गायब. मग संशय येऊन तो क्रमांक चौकटी कंसात छापून बघावा, तर पडद्यावर येतं ']४०२१'. उघडणारा कंस गेलाच कुठे? कॅरेज रिटर्नने कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेला आणि बंद होणारा कंस उघडणाऱ्याच्या डोक्यावर छापला गेला. म्हणजे डेटा आत एक, पडद्यावर दुसरंच. ज्या पडद्यावर विश्वास ठेवून डीबगिंग करायचं तोच खोटं दाखवतो! शेवटी फाइल छापणाऱ्या कॅटला कॅपिटल ए लावायचा, किंवा ओडीला सी लावून एकेक बाइट उघडा करायचा, तेव्हा कुठे प्रत्येक ओळीच्या टोकाला तो ^एम किंवा \आर सापडतो.

यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते? फाइल सॉर्ट केलेली नसेल तर लिनक्सवर असतं ते ग्नूचं हेच जॉइन तक्रार करतं. म्हणजे तोंड आहे त्याला! 'फाइल' नावाची कमांड तर एका क्षणात सांगते की इथे 'सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स', म्हणजे ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही, आहेत. म्हणजे ओळखता येतं, सांगता येतं. मग एका फाइलच्या सगळ्या ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि दुसरीत एकही नाही, एवढं दिसत असताना जॉइनने स्टँडर्ड एररवर, म्हणजे तक्रारींच्या वेगळ्या वाटेवर, एक वाक्य टाकायला काय हरकत आहे? आउटपुटला धक्का लावू नका, पाइप मोडू नका. फक्त सांगा.

आणि शेवटची ओळ! तिचं दुखणं तर विंडोजवर ढकलायचीही सोय नाही. युनिक्सचं मानक असलेल्या पॉसिक्सच्या व्याख्येत ओळ म्हणजे शेवटी न्यूलाइन, म्हणजेच लाइन फीड, असलेली ओळ. ती नसेल तर ती म्हणे अपुरी ओळ. व्याख्या ठीक आहे, पण परिणाम बघा. हजार नोंदींची फाइल, शेवटच्या नोंदीपुढे न्यूलाइन नाही, ओळी मोजायला वापरतात ते डब्ल्यूसी सांगणार ९९९, कारण ते ओळी मोजतच नाही, न्यूलाइन मोजतं. अशा दोन फाइली कॅटने जोडल्या की पहिलीची शेवटची नोंद आणि दुसरीची पहिली एकमेकींना चिकटून नवीनच काहीतरी जन्माला येतं. शेलमधला एकेक ओळ वाचणारा 'व्हाइल रीड' लूप तर कळस आहे. रीड ती शेवटची ओळ वाचतं, व्हेरिएबलमध्ये व्यवस्थित भरतं, आणि मग लूपला अपयशाचा कोड देतं. लूप थांबतो. डेटा व्हेरिएबलमध्ये पडून आहे आणि त्याच्यावर काम करणारं कुणी नाही! यासाठी दरवेळी अटीत 'किंवा व्हेरिएबल रिकामं नसेल तर' असं शेपूट जोडावं लागतं. मी जोडते. प्रत्येक स्क्रिप्टमध्ये जोडते. पण ज्याला हे कुणी सांगितलेलं नाही त्याच्या यादीतला शेवटचा माणूस दर महिन्याला गळतो आणि त्याला पत्ताच नसतो. या बाबतीत मला दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या डिफबद्दल आदर आहे: 'नो न्यूलाइन अॅट एंड ऑफ फाइल' असं स्वच्छ लिहून मोकळं होतं. एक कमांड हे करू शकते तर बाकीच्यांना काय झालंय?

मग उपाय विचारायला जावं, तर लोक चुटकी वाजवून सांगतात, 'डॉस टू युनिक्स मार की.' कॅरेज रिटर्न काढणारा तो प्रोग्राम सर्व्हरवर बसवलेला असेलच असं नाही, आणि बसवायची परवानगी तुम्हाला असेल असंही नाही. 'सेडने उडव.' मजकूर बदलणाऱ्या कुठल्या सेडने? लिनक्सवरचा सेड नुसत्या आय ऑप्शनवर जागच्या जागी बदल करतो, मॅकवरच्याला त्यापुढे बॅकअपचं एक्स्टेंशन हवं, रिकामं का होईना. बीएसडी घराण्यातल्या कित्येक सेडना स्वल्पविरामाच्या जागी बॅकस्लॅश एन घाल म्हटलं तर नव्या ओळीऐवजी सरळ एन हे अक्षर बसवतात. आणि ओळी जोडायच्या असतील तर सेड न्यूलाइन दाखवतच नाही, कारण ओळ हाती देण्याआधी ती काढून ठेवलेली असते. मग लेबल, कॅपिटल एन, उडी असलं मंत्रासारखं काहीतरी घोकायचं. साधं काम आहे हो! ओळी जोडायच्या आहेत! एकेक अक्षर बदलणारं किंवा काढणारं टीआर त्यातल्या त्यात सरळ. पण त्याचं आउटपुट त्याच फाइलवर वळवलं की शेल आधी फाइल रिकामी करतो आणि टीआरला वाचायला काहीच उरत नाही.

स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या सीएसव्ही फाइलींचं काय सांगू? पत्त्याच्या रकान्यात कुणीतरी एंटर दाबलेलं असतं. अवतरणचिन्हांच्या आत ते कायदेशीर आहे, २००५ च्या आरएफसी ४१८० या सीएसव्हीबद्दलच्या दस्तऐवजामध्ये तसं लिहिलेलंच आहे. पण सॉर्ट, स्प्लिट, हेड यांना अवतरणचिन्हं कळत नाहीत. पत्त्याचा अर्धा भाग सॉर्टमध्ये कुठल्या कुठे जाऊन पडतो.

या सगळ्यात ज्याला काहीच सबब नाही ते म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट. विंडोजवर ओळींचे शेवट आपोआप बदलणारं ऑटोसीआरएलएफ कुणाच्या मशीनवर चालू, कुणाच्या बंद. मग कुणीतरी एक अक्षर दुरुस्त करतो आणि डिफमध्ये फाइलच्या झाडून सगळ्या ओळी बदललेल्या. त्यात खरा बदल कुठला, हे रिव्ह्यू करणाऱ्याने हुडकायचं. कुठली ओळ कुणी बदलली ते सांगणारा ब्लेम काढला तर ज्याने त्या कोडचा एक शब्द लिहिलेला नाही त्याचं नाव प्रत्येक ओळीवर. ब्लेमला डब्ल्यू लावून यातून वाट निघते, पण मुळात ही वेळ का यावी? रेपॉझिटरीच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडसाठ्याच्या, मुळाशी गिटअॅट्रिब्यूट्स नावाची एक फाइल ठेवायची, तिच्यात 'टेक्स्ट इक्वल्स ऑटो' आणि शेल स्क्रिप्टसाठी 'ईओएल इक्वल्स एलएफ' एवढं लिहायचं. ही फाइल कोडबरोबर सगळ्यांकडे जाते, रेपॉझिटरीत काय जातं ते कुणाच्या वैयक्तिक सेटिंगवर अवलंबून राहत नाही. दोन ओळींचं काम आहे. दर प्रोजेक्टमध्ये सांगून घसा बसलाय, आणि दर प्रोजेक्टमध्ये 'नंतर करू' हेच ऐकायला मिळतं.

नंतर नाही. यापुढे सगळ्या ओळी बदललेला असा कमिट माझ्याकडे रिव्ह्यूला आला, तर आत काय आहे ते न बघता मी तो परत पाठवणार आहे.