केली, केळी आणि चाळीस मार्क

लिनियर अल्जेब्रा घ्यावा की नाही, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी अभ्यासक्रम उघडून बघू नये, टाइमटेबल बघावं. तास अकराचा असेल तर डोळे मिटून घ्या. अमळनेरकडून येणारी गाडी, स्टेशनबाहेरचा चहा आणि ‘सर, गाडी लेट होती’ हे वाक्य, तिन्ही अकराच्या तासाला नीट बसतात. शिवाय हा पेपर स्कोरिंग आहे असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सांगणाऱ्याची त्याच पेपरात एटीकेटी असते, पण अनुभवी माणसाचं ऐकावं.

माझी पात्रता विचाराल, तर मी हा पेपर दोनदा दिलाय. पहिल्या वेळी समजून घ्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी पास झालो.

सुरुवात फार गोड असते. पहिल्या आठवड्यात फळ्यावर दोन समीकरणं येतात, क्ष आणि य काढा. हे तर दहावीतच झालं, असं तुम्हाला वाटतं. हे वाटणं जपा, पुढे सहा महिने पुरवायचंय. मग क्ष आणि य पुसले जातात, नुसते आकडे उरतात, त्यांना दोन्ही बाजूंनी चौकटी कंस बसतात आणि त्याला मॅट्रिक्स म्हणायचं ठरतं. हा शब्द सिल्व्हेस्टर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८५० मध्ये काढला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय. यातून निश्चयक, म्हणजे चौकटीतल्या आकड्यांचा हिशोब करून निघणारे आकडे, जन्माला येतात, अशी त्याची कल्पना. घरी मात्र हा शब्द जपून वापरा. ‘सध्या मॅट्रिक्स चालू आहे’ असं मी एकदा बोलून गेलो, तर आजी दोन दिवस काळजीत होती. कॉलेजात जाऊन तीन वर्षं झाली आणि पोरगा अजून मॅट्रिकलाच!

आता ओळींची कुस्ती. पहिल्या ओळीची तिप्पट दुसरीतून वजा करा, दोन ओळींची अदलाबदल करा, असं करत कोपऱ्यात शून्यांची पायरी उतरवायची. यात वजा चिन्ह चुकणार, आणि ते पहिल्याच पायरीत चुकणार. ठिबकच्या मुख्य नळीत खडा अडकला की पुढची सगळी झाडं कोरडी राहतात, तसं पुढची तीन पानं सगळं चुकत जातं आणि तुमचं अक्षर मात्र सुंदर येत राहतं. शेवटी उत्तर निघतं, वजा सदतीस छेद एकशेअकरा. इथे माझा कळकळीचा सल्ला आहे: ताळा करू नका. मिळालेली उत्तरं मूळ समीकरणात घालून बघायला अर्धा मिनिट लागतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात तीन पानांच्या मेहनतीवर पाणी पडतं. उत्तराला चौकट करा, खाली दुहेरी रेघ मारा, पुढे चला.

व्हेक्टर स्पेसला, म्हणजे सदिशांच्या अवकाशाला, लोक उगाच घाबरतात. सदिश म्हणजे लांबी आणि दिशा असलेला बाण समजा. आठ नियम आहेत, आणि त्यांच्याआधी एक अट, की आतल्या दोघांची बेरीज आतच राहिली पाहिजे, बाहेर जाता कामा नये. यावर आमच्या वर्गात कोणालाही शंका आली नाही. सोयरीक जुळवणाऱ्या घरात वाढलेल्यांना ही अट काय शिकवायची! शून्य सदिशाचंही तसंच. तो प्रत्येक अवकाशात असतोच. कोणातही मिळवा, फरक काही पडत नाही, पण तो नसेल तर आख्ख्या अवकाशाची मान्यता जाते. तुमच्या गावच्या सोसायटीच्या संचालक मंडळात नजर फिरवा, दिसेल. परीक्षेत हे आठही नियम तपासा असा प्रश्न आला तर पहिले दोन सविस्तर लिहा, उरलेल्या सहांसमोर ‘तसेच’ लिहा. ‘तसेच’ या शब्दानं खान्देशात जितके पदवीधर तयार केले तितके कोणत्याही मास्तरांनी केले नसतील.

यातच पुढे रँक येते. रँक म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नाही, असाइनमेंटच्या गठ्ठ्यातून कळलं. आमच्या वर्गात साठ जण. साठ वह्या जमा झाल्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं गणितं सोडवली होती, बाकी एकोणसाठ वह्या म्हणजे तिच्याच वहीच्या पटी. कोणी थोडं मोठ्या अक्षरात, कोणी बारीक. तिनं चौथ्या गणितात सातऐवजी एक वाचला होता. साठही वह्यांत एक. त्या गठ्ठ्याची रँक एक! साठ ओळी असून माहिती एकाच ओळीची. सरांनी साठही वह्यांवर बरोबरची खूण केली, म्हणजे तपासणारे धरूनही रँक वाढली नाही. पाच जणांच्या समितीत चौघं जण अध्यक्ष बोलतील त्याचीच दुप्पट-निमपट बोलत असले, तर त्या समितीचा ठरावही याच पद्धतीनं वाचायचा.

मॅट्रिक्सच्या गुणाकारात ए गुणिले बी आणि बी गुणिले ए वेगळे येतात, यावर रडू नका. वांगं आधी कपाशीच्या काड्यांवर भाजायचं आणि मग बडगीत ठेचायचं, याला भरीत म्हणतात. आधी ठेचायचं आणि मग भाजायचं, याला काय म्हणतात ते तुमच्या आईला विचारा, लांब उभं राहून. फक्त एक लक्षात असू द्या: गणितात उजवीकडचं काम आधी होतं. म्हणजे कागदावर ‘ठेच गुणिले भाज’ असं लिहायचं. हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी मी फार खूश झालो आणि त्या नादात पेपरातला पाच मार्कांचा प्रश्न चुकवला, म्हणून सांगतो, कळू देऊ नका.

निश्चयक मात्र मनापासून करा, वेळ छान जातो. दोन बाय दोनचा दोन पदांत संपतो, चार बाय चारची चोवीस पदं होतात, पाच बाय पाचची एकशेवीस. दहा बाय दहाचा पसरून लिहायचा ठरवलात तर ३६,२८,८०० पदं, म्हणजे निकाल लागेपर्यंत तुम्ही त्याच पानावर. ओळींच्या कुस्तीनं हेच काम काहीशे गुणाकारांत उरकतं, पण त्यात मजा नाही आणि पानंही भरत नाहीत. क्रेमर नावाच्या गणितज्ञानं निश्चयकांनी समीकरणं सोडवायचा आपला नियम १७५० मध्ये छापला. तो बिचारा जर्नलची पानं मोजून मार्क देणाऱ्या कॉलेजात कधी गेला नव्हता, तरी आपली सोय त्यानं बरोबर ओळखली होती.

आता मुख्य मुद्दा, केली-हॅमिल्टन, दोन गणितज्ञांच्या नावाचं प्रमेय. दरवर्षी येतो. पेपर काढणाऱ्याचा आवडता, झेरॉक्सवाल्याच्या आयएमपीत, म्हणजे महत्त्वाच्या प्रश्नांच्या यादीत, पहिल्या नंबरवर, आणि रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातल्या पोरांना तर पाठच करावा लागत नाही. केळी म्हटलं की हॅमिल्टन आपोआप तोंडात येतो. प्रमेय सांगतं की प्रत्येक चौरस मॅट्रिक्स आपलंच वैशिष्ट्य-समीकरण पाळते. सिद्धता लांब आहे. पण तुमच्यासाठी दोन ओळींची आहे: समीकरण काय, तर ‘ए वजा लॅम्डा आय’ याचा निश्चयक बरोबर शून्य (लॅम्डा हा अज्ञात आकडा, आय म्हणजे कर्णावर एक आणि बाकी शून्यं असलेली चौकट). लॅम्डाच्या जागी ए घाला. ए वजा ए म्हणजे शून्य, शून्याचा निश्चयक शून्य. सिद्ध झालं!

ही सिद्धता साफ चुकीची आहे. लॅम्डा हा एक आकडा, ए ही आख्खी चौकट. डावीकडे मॅट्रिक्स यायला हवी आणि इथे हातात राहतो नुसता एक आकडा. म्हणजे केळीचे भाव काढायला बसलो आणि उत्तर आलं ‘ट्रक’. तरीही लिहा. मी लिहिली, तपासणाऱ्यानं पुरे मार्क दिले. कोणाला वाईट वाटायचं कारण नाही, खुद्द केलीचं उदाहरण समोर आहे. त्यानं १८५८ च्या निबंधात हे प्रमेय मांडलं, २×२ साठी करून दाखवलं, ३×३ साठीही ताळा घेतल्याचं सांगितलं, आणि सर्वसाधारण सिद्धतेचे कष्ट घ्यायची गरज वाटली नाही असं लिहून मोकळा झाला. तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, सिद्धता का नाही केली, तर सांगा: केलीनंच नाही केली.

आयगेन व्हॅल्यूचा उच्चार आमच्याकडे तीन तऱ्हांनी होतो आणि तिन्ही उच्चार करणारे एकमेकांना अडाणी समजतात. शब्द जर्मन, अर्थ ‘स्वतःचा’. मॅट्रिक्सचा तडाखा बसला की बहुतेक सदिशांची दिशा बदलते. ज्यांची बदलत नाही, नुसती लांबी वाढते-घटते, ते आयगेन सदिश, आणि किती पट ती आयगेन व्हॅल्यू, म्हणजे तोच लॅम्डा. आपल्या भागातल्या पुढाऱ्यांत असा सदिश शोधायचं काम मी एका निवडणुकीत केलं होतं. सापडला नाही म्हणणार होतो, पण पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलंय: लॅम्डा ऋण असला तरी चालतो. म्हणजे सदिश थेट उलट्या तोंडानं उभा राहिला तरी तो आयगेनच, कारण रेघ तीच. एका झेंड्याखालून समोरच्या झेंड्याखाली गेलेला माणूस ‘मी माझ्या लाइनवरच आहे’ म्हणतो तेव्हा गणित त्याच्या बाजूनं असतं!

याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला गप्प करायचं असेल तर मोबाइल दाखवा. गुगलनं सुरुवातीला वेबपानांची क्रमवारी लावली ती याच सदिशावर: कोणतं पान कोणाकडे बोट दाखवतं त्याची एक अवाढव्य मॅट्रिक्स, आणि तिच्या मुख्य आयगेन सदिशात प्रत्येक पानाचं वजन. पण हे वर्गात विचारू नका. ‘सिलॅबसमध्ये नाही’ हे उत्तर ऐकायला तासाची पंधरा मिनिटं जातात.

आता एक धोक्याची सूचना. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर गेला आणि अभ्यास नकोसा झाला की कोणीतरी पाटणादेवीची सहल काढतं. चाळीसगावहून जवळच, डोंगर आहे, हेमाडपंती देऊळ आहे. जा, फोटो काढा, भाकरी-भाजी खा. पण पाटण्याच्या शिलालेखाचा विषय निघाला तर तिथून उठा. हा लेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची त्यात नोंद आहे. शेवटी जुन्या मराठीत हिशोबही आहे: बाजारात विकायला येणाऱ्या मालावर राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं. म्हणजे बीजगणिताच्या वर्गाला बाजारपेठ पैसे पुरवत होती. आपल्याकडे आता बीजगणिताचा वर्ग म्हणजेच बाजारपेठ, तेव्हा ही माहिती क्लास चालवणाऱ्यांच्या कानावर घालू नका.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञातांना क्ष-य नाहीत, यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी बहुतेक रंगांची नावं आहेत. आणि त्यात एक गणित आहे, ते मी सुट्टीत खळ्यात बसून सोडवायची चूक केली. चार व्यापारी. एकाकडे ५ घोडे, २ उंट, ८ खेचरं, ७ बैल. दुसऱ्याकडे ३, ७, २ आणि १. तिसऱ्याकडे ६, ४, १, २. चौथ्याकडे ८, १, ३, १. चौघांची मालमत्ता सारखी. भाव सांगा. चार अज्ञात, समीकरणं तीनच. ओळींची कुस्ती केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ताळाही केला: घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४. चौघांकडे ८५३-८५३.

आबा बाजूला दोर वळत बसले होते. ‘काय शिकी ऱ्हायना रे?’ म्हणाले. मी सांगितलं.

‘बैल चारना? आन घोडा पंच्याऐंशीना? हाऊ कोनता बजार से?’

मी म्हटलं, आबा, गणित आहे, आठशे वर्षांपूर्वीचं.

‘व्हई. पन चार मा बैल कोन इकस?’ दोर बाजूला ठेवून ते वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मंग समदास्ना भाव दुप्पट करा तं? तरी चारी जन सारखाच ऱ्हातीन ना?’

मी वही मिटली. उजवीकडे शून्य असलं की एका उत्तराची कोणतीही पट हेही उत्तरच असतं, इथे त्या सगळ्या उत्तरांची मिळून एक रेघ होते, तिला नल स्पेस म्हणतात. हे मला दोन सेमिस्टर, एक गाइड आणि एक एटीकेटी खर्चून कळलं होतं. चौथी शिकलेल्या माणसाला बैलाच्या रागातून कळलं. असल्या माणसांजवळ बसून अभ्यास करू नका, आत्मविश्वासाला तडा जातो. आयएमपी घ्या, तीन युनिट ऑप्शनला टाका, पंख्याखालची जागा मिळेल अशा वेळी हॉलवर पोचा.

मी आबांना सांगून बघितलं की दुप्पट केल्यावर बैल आठ होतो, वीसपट केली तर ऐंशी. ते म्हणाले, ‘मंग घोडा कितला व्हई?’ मी म्हटलं, सतराशे. त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला. भाव त्यांना अजून मान्य नाही.